पहिला हात

"तुला अक्कल आहे का, कुंदे?" बाबा आत ओरडत होते. "प्रदर्शनाला अठरा दिवस राहिलेत आणि तू मला बोर्ड बदला म्हणून सांगतेस?"

"अक्कल आहे म्हणूनच सांगतेय," कुंदा म्हणाली. "प्रदर्शनातनं परत आल्यावर ओरडणार, त्यापेक्षा आत्ता ओरडा."

"मी ओरडत नाहीये."

"नाही. बाहेर रिक्षावाले थांबलेत ऐकायला."

मी बाहेरच्या खोलीत माहितीपत्रकाची मुद्रितं तपासत बसले होते. मधली भिंत प्लायवूडची होती. लाल पेन हातात धरून मी एकच ओळ तीन-चारदा वाचली. मला कुंदाचा हेवा वाटत होता. माझ्यावर बाबा असे कधीच ओरडले नव्हते.

ही दोन हजार सहाच्या नोव्हेंबरातली गोष्ट. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या शेडमध्ये बाबांची चौथी कंपनी चालू होती. बाबा तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. पहिली कंपनी टीव्हीच्या स्टॅबिलायझरची, आमच्याच गॅरेजात. मी तेव्हा पहिलीत होते. दुसरी एसटीडी बूथवरच्या मीटरची, लाल आकडे पळणारे ते काळे खोके. तिसरी छापखान्यांसाठी संगणकावर मराठी अक्षरं जुळवून देणारी. प्रत्येक कंपनी त्यांनी एका टेबलावर आणि एका सोल्डरिंग गनवर सुरू केली, आणि ती नीट चालायला लागली की कुणाच्या तरी हवाली करून ते मोकळे झाले. "चालत्या कंपनीत माझं काय काम?" असं ते म्हणायचे. आई म्हणायची, यांना भाड्याच्या घराला रंग लागला की घर बदलावंसं वाटतं.

या सगळ्या बदलाबदलीत एक माणूस त्यांच्याबरोबर कायम होतं. कुंदा मेटकरी. विट्याच्या एका एसटी कंडक्टरची मुलगी. डिप्लोमा करून एकोणिसाव्या वर्षी मीटरच्या तारा जोडायला आली, आणि मग प्रत्येक नव्या टेबलाशी बाबांच्या समोरची खुर्ची तिची. "कंपनी विकली, कुंदा नाही विकली," असं बाबा पाहुण्यांना सांगायचे. ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एकवीस वर्षांची होते. पानावर आमटी वाढत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण त्या दिवशी मी जेवले नाही.

माझ्याशी बाबा अतिशय सौजन्यानं वागत. मी खोलीत आले की हातातलं वर्तमानपत्र मिटून ठेवत. मी बोर्डात आले, "छान." मी विज्ञान सोडून साहित्याकडे गेले, "छान." माझं लग्न दोन वर्षांत मोडलं आणि मी बॅग घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा ते म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर, बाळ." आणि बॅग आत नेऊन ठेवली. दूरच्या गावाहून आलेल्या पाहुण्याची ठेवावी तशी, अलगद.

त्या वर्षी मी कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली होती. बाबांना माहितीपत्रकं लिहायला कुणीतरी हवं होतं. "प्रदर्शनापर्यंत करून बघ," ते म्हणाले होते. "जमलं तर राहा इथेच." बत्तिसाव्या वर्षी मला त्यांच्याकडून मिळालेलं ते पहिलं आमंत्रण होतं. मला तिथे राहायचं होतं. त्या प्रदर्शनाशिवाय मला दुसरं काही दिसत नव्हतं.

त्यांचा नवा माल म्हणजे एक पत्र्याचा डबा होता. विहिरीवरच्या मोटारीला तो जोडायचा. शेतकऱ्यानं घरी बसून मोबाईलवरून डब्याला फोन लावला की डबा सांगणार, "लाईट आहे. मोटार चालू करायची असेल तर एक दाबा." लाईटच्या वेळा धरून माणसाला रानात जाऊन बसावं लागू नये, एवढाच हेतू. तो आवाज कुंदाचा होता. मी आकाशवाणीवर भाषणं दिलेली, वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवणारी. पण आवाज भरायची वेळ आली तेव्हा बाबा मला म्हणाले, "तुझा आवाज सुरेखच आहे, बाळ. पण बातम्या लागल्यासारखं वाटेल." कुंदा मागे हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.

डब्याला आपला फोन नंबर ओळखायला शिकवायचं तर त्याच्यावरचं बटण पाच सेकंद दाबून धरावं लागे. मग लाल दिवा लागे, आणि त्यानंतर येणारा पहिला फोन डबा मालकाचा मानत असे. भांडण त्यावरून होतं.

"कोणतंच माणूस बटण पाच सेकंद दाबत नाही, सर," कुंदा सांगत होती. "दोन सेकंदांत काही झालं नाही की बोट उचलतं. मग परत दाबतं, परत उचलतं. मग डबा खराब आहे म्हणतं. दोन सेकंदांचं करायला आतला सर्किट बोर्डच बदलायला पाहिजे."

"बोर्ड बदलायला महिना जाईल."

"जाईल."

"शेतीचं प्रदर्शन वर्षातून एकदा असतं."

"ते पण खरं आहे."

मग बाबा म्हणाले, "पहिला हात ठरवेल."

पहिला हात ही त्यांची जुनी पद्धत. कोणतीही वस्तू बाजारात जाण्याआधी तिच्याबद्दल काहीही माहीत नसलेलं एक माणूस बोलवायचं. त्याच्यासमोर वस्तू आणि माहितीचा कागद ठेवायचा. बनवणाऱ्या सगळ्यांनी भिंतीशी ओळीनं बसायचं, हात मांडीखाली, आणि तोंडात प्रत्येकी एक लवंग. ती चावायची नाही, गिळायची नाही. तोंडात लवंग असली की माणूस चटकन बोलून मदत करत नाही, असा बाबांचा अनुभव. त्या माणसाला जमलं तर माल जाणार, नाही जमलं तर नाही. स्टॅबिलायझरच्या वेळी गॅरेजाच्या दारात उभी राहून मी हा प्रकार पाहिला होता. मला आत घेतलं नव्हतं.

बाबा बाहेर आले. मला वाटलं, नेहमीसारखे नुसते हसून पुढे जातील. ते माझ्या टेबलाशी थांबले.

"मंजिरी, परवासाठी पहिला हात तू आण. कुंदाच्या ओळखीचा नको, माझ्याही नको. एखादी बाई बघ, स्वतः शेत करणारी. गाडी ने. फक्त रस्त्यात डब्याबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

मागून कुंदा म्हणाली, "मॅडमना तासभर गप्प बसायला जमेल का पण? वर्ग घ्यायची सवय."

बाबा हसले. दोघंही हसले. मीही हसले.

तासगावच्या पुढे एका वस्तीवर आनंदीबाई जमदाडे राहायच्या. माझ्या मैत्रिणीच्या शाळेतल्या शिपायाची बहीण. नवरा साखर कारखान्यावर, दोन एकर द्राक्षबाग बाईच बघायच्या. पन्नाशीच्या, हाताला भेगा, फोन कमरेच्या पिशवीत. मी न्यायला गेले तेव्हा नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन तयार होत्या.

गाडीत त्या काही वेळ बाहेरची रानं बघत होत्या. मग म्हणाल्या, "काय करायचं आसतंय तितं?"

"काही नाही. एक डबा ठेवतील पुढ्यात. कागद वाचायचा आणि सांगितलंय तसं करायचं."

"आन् चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं."

"न्हाई, तसं न्हवं. एवढी गाडी पाठवून न्यायला आलासा. चुकलं तर सायेब म्हनतील, कुठली येडी धरून आणली पोरीनं."

मी पुढे बघत गाडी चालवत राहिले. परवाचं ते दोघांचं हसणं मला पुन्हा ऐकू आलं. आता या बाईचं बोट दोन सेकंदांत उचललं जाईल. कुंदा लवंग काढून म्हणेल, बघा सर. बाबा तिच्यावर ओरडतील आणि मग तिचंच ऐकतील. प्रदर्शन जाईल. मी "छान" ऐकून कॉलेजात परत जाईन. आणि पुढच्या टेबलाशी पुन्हा ती असेल.

भिलवडी फाट्याच्या पुढे मी गाडी एका चिंचेखाली घेतली. पर्समधून चष्म्याची डबी काढली.

"हे बटण आहे असं समजा," मी म्हटलं. "हे दाबून धरायचं. घाई करायची नाही. मनात पाच मोजायचे. पाच झाले की सोडायचं. मग तुमच्या फोनवरून डब्याला फोन."

त्यांनी डबीवर अंगठा ठेवला. "येक, दोन, तीन, चार, पाच."

"बरोबर. परत एकदा."

चार वेळा करून घेतलं. पाचव्यांदा त्याच म्हणाल्या, "आता झोपेत इचारलं तरी येतंय." आणि मग माझ्याकडे बघून, "हे सांगायचं न्हाई न्हवं कुनाला?"

त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. "नाही सांगायचं," मी म्हटलं.

आम्ही पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते. बाबा टेबलाशी उभे होते. त्यांनी आनंदीबाईंना नमस्कार केला, पाणी दिलं, खुर्ची ओढून दिली. मग डबीतून तीन लवंगा काढल्या. एक स्वतःला, एक कुंदाला, आणि तिसरी माझ्या तळहातावर ठेवली. आम्ही भिंतीशी बसलो. मधे बाबा, पलीकडे कुंदा, अलीकडे मी. हात मांडीखाली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या ओळीत होते. जीभ बधिर व्हायला लागली आणि मला फार बरं वाटलं.

आनंदीबाईंनी कागद उलगडला. बोट ठेवून वाचला, निदान तसं केलं. कागद मीच लिहिला होता. त्यात होतं: लाल दिवा लागेपर्यंत बटण दाबून धरा. मग त्यांनी डब्यावरच्या बटणावर अंगठा ठेवला. ओठ हलायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. अंगठा उचलला, कमरेच्या पिशवीतून फोन काढला, नंबर लावला. डब्यातून कुंदाचा आवाज आला, "लाईट आहे." बाईंनी एक दाबलं. टेबलाखाली ठेवलेली मोटार घरघरली. सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

आनंदीबाई आमच्याकडे वळून हसल्या.

बाबाही हसले. त्यांनी लवंग काढून रुमालात ठेवली. "फार छान जमलं तुम्हाला, ताई. जरा चहा घ्या बाहेर." त्या बाहेर गेल्या. बाबांनी दार लोटलं आणि टेबलाशी जाऊन डबा उचलला. बटण दाबून धरलं. आम्हीही बघत होतो. पाच सेकंद झाले, सहा झाले, आठ झाले. दिवा लागलाच नाही. त्याची तार सुटली होती. नंबर डब्यात गेला होता, पण दिवा मेला होता.

"दिवा लागला नाही," बाबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "तरी तिनं बोट उचललं. पाच मोजून उचललं. कागदावर पाच कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. पाच हा आकडा जगात आम्हा तिघांनाच माहीत होता.

"कुणी शिकवलं?"

माझ्या तोंडात अजून लवंग होती. मी ती काढली असती तर बोलावं लागलं असतं. मी ती गालात सरकवली. तेवढ्या वेळात कुंदा म्हणाली, "मी."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"काल फोन केला होता त्यांना. नंबर मंजिरीच्या टेबलावर होता."

"तू? तूच तर म्हणत होतीस चालणार नाही."

"म्हणत होते. पण तुमची तगमग बघवेना. म्हटलं, जाऊ दे एकदाचं प्रदर्शनाला."

मग बाबा ओरडले. माझ्या आठवणीत ते इतके कधीच ओरडले नव्हते, तिच्यावरसुद्धा नाही. पंधरा वर्षांत त्यांनी तिला काय काय शिकवलं ते सगळं काढलं. मीटरच्या वेळी तिनं चूक लपवली नव्हती म्हणून त्यांनी तिला कशी पुढची खुर्ची दिली, ते काढलं. "माझ्यावर दया करायला सांगितलं होतं का मी तुला? तुझ्यावर डोळे मिटून भरवसा ठेवला, तो यासाठी?" त्यांचा आवाज फाटला होता. कुंदा हात मांडीखाली तसेच ठेवून बसली होती, खाली बघत.

आणि मी तिच्या शेजारी, मधली खुर्ची रिकामी ठेवून, बसून होते. मला लाज वाटत होती, हे खरं. पण त्याहून जास्त काय वाटत होतं ते आज लिहिता येतं. तो राग माझा होता. तो भरवसा, ती पंधरा वर्षं, ते फाटलेलं काळीज. मी गुन्हा केला होता आणि त्याचं फळसुद्धा तिलाच मिळालं होतं.

प्रदर्शनाला ते गेले नाहीत. बोर्ड बदलला. पुढच्या वर्षी डबा विकला गेला, भरपूर विकला गेला, आणि बाबांनी ती कंपनीही कुणाला तरी देऊन शीतगृहांच्या तापमापकाची पाचवी सुरू केली. कुंदाशी ते तीन दिवस बोलले नव्हते. चौथ्या दिवशी प्लायवूडपलीकडून त्यांचा आवाज आला, "कुंदे, तुला डोळे आहेत का? हे सोल्डरिंग आहे की रांगोळी?" त्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं की मी कॉलेजात परत जातेय.

"तुला योग्य वाटेल ते कर, बाळ," ते म्हणाले.

कुंदाशी त्यानंतर मी कामापलीकडे बोलले नाही. तिनं मला उपकाराखाली दाबून ठेवलंय अशी माझी समजूत होती. दरवेळी बाबांना भेटायला गेले की मी तिच्या चेहऱ्यावर ते शोधायचे, आणि सापडलं नाही की जास्तच चिडायचे. बाबांना खरं सांगायचं मी अनेकदा ठरवलं. पण आमच्यात सांगण्याची सवयच नव्हती. एकोणीस वर्षं गेली.

बाबा या जूनमध्ये गेले. तेराव्या दिवशी दुपारी पाहुणे पांगले, आई आत पडली होती. कुंदा सकाळपासून होती. केस पुष्कळ पिकलेत तिचे. मागच्या ओट्यावर आम्ही दोघी सतरंज्या झटकून घड्या घालत होतो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या.

"त्या दिवशी तू का सांगितलंस, मी म्हणून?" मी विचारलं.

कोणत्या दिवशी, असं तिनं विचारलं नाही. सतरंजीची घडी पुरी केली, खाली ठेवली.

"मला वाटलं होतं, तू कधीतरी येऊन भांडशील यावरून," ती म्हणाली. "तू भांडलीच नाहीस. तुम्हा आपट्यांच्या घरात भांडतच नाही कुणी."

"मला वाचवायला सांगितलंस?"

"तुला?" ती हसली, पण बरं हसणं नव्हतं ते. "तुला कशाला वाचवू? तुला काही झालंच नसतं. मला वाटलं, आता ही सांगणार, मी शिकवलं म्हणून. आणि सर काय म्हणतील ते मला दिसलं. ओरडले नसते ते. ते बसले असते खाली. माझ्या पोरीनं माझ्यासाठी एवढं केलं, माझा माल चालावा म्हणून खोटंसुद्धा केलं, असं म्हटलं असतं त्यांनी. खूश झाले असते गं ते. डबा, प्रदर्शन, सगळं विसरले असते. मला ते बघायचं नव्हतं."

मी खाली ठेवलेल्या सतरंजीची कड सरळ केली.

"पंधरा वर्षं त्यांच्यासमोर बसले होते मी," ती म्हणाली. "एक चूक करून तू ते घेऊन गेली असतीस. म्हणून मीच घेतली ती चूक."

"मी ते त्यांच्यासाठी केलं नव्हतं," मी म्हटलं. "तू खोटी पडावीस म्हणून केलं होतं."

"ते मला माहीत आहे. त्यांना तसं वाटलं नसतं."

पुढची सतरंजी आम्ही उचलली, पण झटकली नाही. नुसती धरून उभ्या राहिलो.

"तुला राग आला असेल," कुंदा म्हणाली.

"येईल," मी म्हटलं. "आधी सांग, ते खूश झाले असते हे तुला कशावरून वाटलं?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"त्या सकाळी तू साडेनऊला येणार होतीस. आलीस पावणेदहाला. ते नऊपासून फाटकापर्यंत जाऊन परत येत होते. गुडघा दुखत होता तरी. मी म्हटलं, बसा, येतील. तर म्हणाले, मंजिरी गाडी आणतेय, रस्ता चुकली तर? तासगावचा रस्ता चुकायला काय, सरळ तर आहे. आणि गाडीचा आवाज आला तसे पळत आत येऊन टेबलाशी उभे राहिले, जसं काही तिथंच होते. तीनदा गेले. माझ्यासाठी ते कधी खुर्चीतनं उठले नाहीत."

"तीनदा?" मी विचारलं.

"मोजलं होतं मी," कुंदा म्हणाली.